पलीकडे कोणी चाखतंय

१

रानातलं फळ चाखायची एक रीत आहे. ती आमच्या वडिलांनी, अण्णांनी, आम्हा दोघी बहिणींना शाळेत नाव घालायच्याही आधी शिकवली. आधी डोळ्यांनी बघायचं: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ मोडला तर चीक येतो का, फळाच्या बुडाशी फुलाचा मुकुट शिल्लक आहे की गळून गेलाय. मग पान चुरडून वास घ्यायचा. मग फळ नखाने फोडून ओठाला लावायचं आणि थांबायचं. ओठ चुरचुरला नाही तर जिभेच्या शेंड्याला. पुन्हा थांबायचं. मग चावायचं, तोंडभर फिरवायचं आणि थुंकून टाकायचं. गिळणं सगळ्यात शेवटी, तेही ओळख पुरती पटल्यावर. "अनोळखी माणसाला आपण दारात थांबवतो ना, तसं फळाला जिभेवर थांबवावं," अण्णा म्हणायचे. "लगेच घरात घेऊ नये."

रानझुडपांच्या बागेत माझी नोकरी हीच. बाग म्हणजे टेकडीचा एक उतार. लावलेलं थोडं, आपणहून उगवलेलं जास्त. झुडपं सगळी इथल्याच मातीतली, पण पाखरं इकडचं बी तिकडे टाकतात आणि दर हंगामात काहीतरी नवं डोकं वर काढतं. ते ओळखायचं, चाखायचं आणि खाण्याजोगं नसेल तर फांदीला लाल फीत बांधायची. रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन येतात आणि हाताला येईल ते तोडून तोंडात टाकतात. त्यांच्या आणि दवाखान्याच्या मधे ती फीत आणि मी, एवढंच.

झुडपांची पुस्तकातली नावं मला येतात. पण आम्ही दोघी अजून अण्णांचीच नावं वापरतो. तोंड वाकडं करायला लावते ती रुसूबाई. आधी गोड लागून मग कडू होतो तो लबाड. टपोऱ्या काळ्या फळांची, बुडाशी टोकेरी मुकुट मिरवणारी ती राणी. आणि दिसायला अगदी राणीसारखीच, फक्त मुकुट मागे दुमडलेला आणि पान चुरडलं की कोंदट वास येणारी ती सवत. राणीचा जॅम होतो. सवतीने आधी जीभ बधिर होते, मग घसा, आणि मूठभर पोटात गेली तर पुढचं डॉक्टरांनी सांगायचं.

जॅम ताई करते. ती माझ्याहून मोठी. तिने लग्न केलं नाही आणि मी करून पाहिलं, त्यामुळे म्हातारपणाकडे दोघी एकत्रच निघालोय. आमच्या कामाच्या जागेत एका ओळीत तीन खोल्या आहेत. या टोकाला माझी चाखायची खोली: टेबल, दिवा, भिंग, बेसिन. त्या टोकाला ताईची शेगडी, पातेली आणि बरण्या. मधे वाळवणीची खोली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पट्ट्यांच्या मांडण्या आहेत आणि त्यांवर फळं पसरलेली असतात. मागून वारा फिरावा म्हणून मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे आहेत. त्या खोलीला एक दार माझ्याकडून, एक ताईकडून. खिडकी नाही, वर झरोके आहेत.

एका सकाळी मी रुसूबाईचं पहिलं पिकलेलं फळ चावलं, तोंड वाकडं केलं आणि बेसिनमध्ये थुंकले.

वाळवणीच्या खोलीत कोणीतरी थुंकलं.

२

मी घाबरट नाही. रिकाम्या खोलीत आवाज आला तर तो प्रतिध्वनी असतो, नळाचा असतो नाहीतर उंदराचा असतो, असं मानणारी मी बाई आहे. म्हणून मी पुन्हा थुंकले. पलीकडून पुन्हा आवाज आला. मी खोकले. खोकला परत आला नाही. टाळी वाजवली, तीही आली नाही.

दुपारी प्लंबरला बोलावलं. त्याने बेसिनखाली डोकं घातलं, पाइपावर पाना वाजवून बघितला आणि बाहेर येऊन म्हणाला, "पाइपात हवा आहे."

"हवा थुंकते का?"

"बाई, हवा काय वाटेल ते करते," तो म्हणाला आणि कारण नसताना नळाचा वायसर बदलून गेला.

मी हवेवर समाधान मानलं. समाधान मानायचं ठरवलं की बऱ्याच गोष्टी मानता येतात. पण दुसऱ्या दिवशी मी लबाडाचं फळ ओठाला लावलं, जिभेला लावलं आणि थांबले असताना पलीकडे चावण्याचा आवाज आला. बारीक, ओला, बिया दातांत कचकचल्याचा. मी अजून चावलंही नव्हतं. मग थोडं थांबणं, आणि थुंकणं.

माझं फळ माझ्या जिभेवर तसंच होतं. मी चावलं. आत अळी होती.

३

खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस माझी सोयच झाली. फळ खराब असलं, कच्चं असलं, किडकं असलं की पलीकडचं आधी थुंकायचं. चांगलं असलं की गिळल्याचा आवाज यायचा, गुटकन. ते चुकत नव्हतं. माणसाला सवय कशाचीही लागते. मी नकळत जिभेवर फळ ठेवून कान देऊ लागले.

हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. सारी हयात जिभेवर काढलेली मी, आणि आता भिंतीला विचारून खायला लागले होते.

त्या दिवशी टोपली खाली ठेवली. हात मांडीवर घेतले, तोंड मिटलं आणि नुसती बसून राहिले. फळ नाही, पान नाही, काही नाही. बाहेर माळीदादा कात्रीने कुंपण छाटत होते, त्याची कचकच ऐकू येत होती.

पलीकडे चावणं सुरू झालं. थांबणं. मग गिळणं. मग शांतता, आणि ती शांतता संपेना. कोणीतरी आपला घास संपवून समोरच्याच्या ताटाकडे बघत बसावं, तशी.

"तुझं तू खा," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या घासावर डोळा ठेवू नकोस."

उठून दार उघडलं. झरोक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते. मांडण्यांवर फळं सुकत होती आणि खोलीत तोच नेहमीचा आंबूस गोड वास होता. कोणी नव्हतं. सगळ्यात खालच्या पट्टीवर मात्र जांभळ्या थेंबांची एक ओळ होती, अजून ओली. मी फडक्याने ती पुसली आणि दार ओढून घेतलं. कडी लावायला हात गेला, तो मागे घेतला. माझ्याच कामाच्या जागेत मी कड्या लावत बसणार नव्हते.

४

संध्याकाळी ताई बरण्यांची झाकणं पुसत होती. तिने वर न बघताच विचारलं, "आज ओरडलीस का गं त्यांच्यावर?"

"कोणावर?"

"चिंगे, आता माझ्यासमोर वेड पांघरू नकोस. तुलाही ऐकू येतं."

मी स्टूल ओढून बसले. "तुला कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून." तिने झाकण फिरवून बरणी बाजूला ठेवली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "अण्णा आहेत ते."

इथे अण्णांच्या शेवटाबद्दल सांगायला हवं. ते वयानेच गेले, त्यात गूढ काही नव्हतं. पण शेवटच्या आठवड्यांत त्यांनी खाणं सोडलं होतं. ताई राणीची फळं कुस्करून, गाळून, चमच्याने त्यांच्या ओठांशी न्यायची आणि अण्णा ओठ घट्ट मिटायचे. मी भरवलं तर कधीतरी एखादा घोट जायचा. ताईच्या हातून कधीच गेला नाही. म्हातारपणात माणसाला काय कळतं, त्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मी तिला पुष्कळ समजावलं. ती मान हलवायची. पण त्या चमच्यासाठी आमच्या घरात नंतर जागा उरली नाही. तिने तो कुठे टाकला ते मी विचारलं नाही.

"मी वाटीत काढून ठेवते आत," ताई म्हणाली. "सकाळी वाटी रिकामी असते. खातायत गं. माझ्या हातचं खातायत."

समोर पासष्टीची बाई लहान मुलीसारखी हसत होती.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"उंदीर वाटी उपडी घालून ठेवतात का?"

अण्णा जेवण झालं की वाटी उपडी घालायचे. ते मलाही आठवत होतं.

५

आठवडाभर आमच्या घरात आनंद होता. असा आनंद, की मला जेवण जाईना. ताई गुणगुणत उठायची. केस नीट विंचरायची, चांगली साडी नेसायची, आणि शेगडीपाशी उभी राहून भिंतीपलीकडे बोलायची. आज लबाड जास्त पिकलाय. रुसूबाईचं सरबत करते, चालेल ना? साखर कमी घालते, तुम्हाला चालत नाही. मधूनमधून थांबायची, ऐकायची आणि पुढे बोलायची.

माळीदादांनी मला फाटकापाशी गाठलं. मुद्द्याला यायला त्यांना वेळ लागतो. आधी कात्रीला धार नाही म्हणाले, मग पाणी कमी येतं म्हणाले.

"बाई, पाहुणे आलेत का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"काल तुम्ही दोघी वर उतारावर होता. मी खोलीच्या भिंतीला शिडी लावत होतो. आत कोणीतरी नाव घेऊन बघत होतं."

"कोणाचं नाव?"

"माझंच," माळीदादा म्हणाले. "वेगवेगळ्या आवाजांत. बसतंय का बघावं तसं." मग कात्री उचलून चालते झाले आणि त्यानंतर त्या भिंतीकडचं कुंपण त्यांनी छाटलं नाही.

मग मीही तो आवाज ऐकला. ताईने भिंतीपलीकडे विचारलं, "गोड आहेत ना?" आणि आतून आलं, "हं."

अण्णांचंच. तीच खालची पट्टी, तोच नाकातून सोडलेला श्वास. माझ्या अंगावर काटा आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते मी नाकारत नाही. मी दाराच्या चौकटीला धरून पुढचा शब्द यायची वाट बघितली. कारण अण्णा नुसतं "हं" म्हणून कधी थांबले नाहीत. ही राणी आहे, असं आम्ही म्हटलं की ते म्हणायचे, "हं. कशावरून?" मुकुट सांगायचा, पान सांगायचं, वास सांगायचा, मग पाठीवर थाप. "कशावरून"शिवाय त्यांनी आम्हाला एकही फळ गिळू दिलं नाही.

मी बराच वेळ उभी राहिले. पुढचा शब्द आला नाही.

६

त्या दिवशी मी वर गेले आणि लाल फितीच्या झुडपावरून सवतीची फळं तोडली. मुकुट मागे दुमडलेला. पान चुरडलं, कोंदट वास. एक फळ जिभेला लावलं आणि शेंडा सुन्न झाला तसं थुंकून चूळ भरली. माझ्या ओळखीत शंका नव्हती. फळं वाटीत घातली, वाळवणीच्या खोलीत नेऊन मधोमध जमिनीवर ठेवली आणि ताईला हाक मारली.

"काय ठेवलंस?" ताईने विचारलं.

"सवत."

तिचा चेहरा उतरला. "आणि त्यांनी खाल्लं तर?"

"अण्णा असतील तर थुंकतील. तू बघ."

आम्ही दोघी तिच्या बाजूच्या दारामागे उभ्या राहिलो. दार लोटलेलं. ताईचा श्वास माझ्या खांद्यावर येत होता. आत वाटी जमिनीवर किंचित घसरल्याचा आवाज झाला. चावणं सुरू झालं. निवांत, चवीने. थांबणं. मी मनात म्हणत होते, थुंका अण्णा, थुंका. कितीही नाही म्हटलं तरी मनात "थुंका"च आलं.

गुटकन आवाज झाला. मग, "हं."

"झालं?" मी ताईला म्हटलं. "हा अण्णा नाही. याला सवत कळत नाही. नाहीतर कळते आणि आपल्याला कळू नये असं त्याला वाटतं."

"अण्णांना अरेतुरे करतेस?"

"अण्णांना नाही. याला."

ताई भिंतीला टेकली. ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण ती शांतपणे म्हणाली, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. "तूच चुकली असशील, चिंगे. दोन्ही सारख्याच दिसतात. तुझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. ते चांगलं म्हणतायत म्हणजे ती राणीच आहे."

"माझी जीभ बधिर झालीय, ताई."

"तुझी जीभ," ती म्हणाली. "नेहमी तुझीच जीभ. मला कधी काही कळलं का गं?"

ती शेगडीपाशी निघून गेली. आत वाटी उपडी घातल्याचा आवाज आला.

७

शनिवारी दुपारी मी उतारावर फिती तपासत होते. दुसऱ्या दिवशी लोक येणार होते. सवतीच्या झुडपापाशी आले आणि थबकले. फीत सोडून व्यवस्थित गुंडाळून फांदीवर ठेवली होती. ताई दोरा, दोरी, फीत, काहीही फेकून देत नाही. झुडपावर एकही फळ उरलं नव्हतं.

मी धावत खाली आले. या वयात धावणं म्हणजे काय ते उतारालाच माहीत. ताईच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. मोठ्या पातेल्यात जॅम रटरटत होता, काळा, चकचकीत, आणि वाफेतून तो कोंदट वास येत होता. धुतलेल्या बरण्या रांगेत पालथ्या घातल्या होत्या. रविवारी लोकांना विकायच्या.

मी शेगडी बंद केली. पातेलं कान धरून उचललं, हात पोळले, पण तसंच मोरीत पालथं केलं. मग वाळवणीच्या खोलीचं दार उघडलं.

उजेड भरपूर होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी मला अंधाराबद्दल विचारलं. अंधार नव्हता. उन्हाचे पट्टे मांडण्यांवर पडले होते. ताई जमिनीवर मांडी घालून, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले. मान किंचित वर. तोंड उघडं, घास घ्यायला उघडतात तसं. ओठ जांभळे झाले होते.

समोरच्या मांडणीच्या दोन फळ्यांमधून एक हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत. मागे वीतभर जागा, तिथे कोणी उभं राहणं शक्य नाही, आडवं नाही, तिरपं नाही. हात म्हाताऱ्या माणसाचा होता, सुरकुतलेला. अण्णांच्या मनगटावर होता तसा डागही होता. चिमटीत एक फळ धरलं होतं, देठाकडून, अण्णा धरायचे तसं. फक्त बोटं सगळी एकाच लांबीची होती. अंगठासुद्धा.

फळ ताईच्या ओठांना टेकलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ते फळ काढून घेतलं. त्या बोटांनी सोडायला वेळ लावला नाही. उलट आणखी पुढे सरकून ती बोटं माझ्याकडे वळली आणि थांबली. मांडणीमागे सगळं थांबलं.

मला त्या वेळी भीतीपेक्षा संताप जास्त होता. मी ते फळ त्याच्या देखत डोळ्यांसमोर धरलं. मुकुट बघितला. ओठाला लावलं. थांबले. जिभेला लावलं. थांबले. मांडणीमागून कोणीतरी श्वास रोखून बघत होतं, ते मला केसांच्या मुळांशी जाणवत होतं. मग चावलं. गोड होतं, सवत गोडच असते. जीभ बधिर होईपर्यंत तोंडात फिरवलं आणि सगळंच्या सगळं त्या उघड्या तळहातावर थुंकले.

"ही सवत आहे," मी म्हटलं.

"हं," मागून आलं.

"पुढे?"

काही नाही.

"अण्णा असशील तर पुढचं विचार. मी 'सवत' म्हटलं की अण्णा काय विचारायचे?"

ताईने डोळे उघडले. तिला तो हात दिसला की नाही, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. ती मांडणीकडे बघत होती आणि माझ्याइतकीच वाट बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. विचारा ना अण्णा. एवढं एकच विचारा.

तळहात मिटला. हात आत गेला, सावकाश, फळ्यांना न लागता. मग मांडणीच्या मागून, अगदी खालच्या पट्टीपासून वरच्या झरोक्यापर्यंत, एकदम सगळीकडून बारीक कचकच झाली. शब्द चावून बघितल्यासारखी.

"पुढे," ते म्हणालं.

माझ्याच आवाजात.

ताई माझ्या हाताला धरून उठली. मी तिला ओढलं की तिने मला, ते आता सांगता येणार नाही.

८

ताईच्या पोटात फार गेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते काढलं, रात्र दवाखान्यात ठेवलं आणि सकाळी सोडलं. तिची जीभ जड झाली होती. "स" म्हणायला गेली की "थ" यायचा, आणि त्यावर आम्ही रिक्षात थोडं हसलोही. हसू थांबल्यावर ती म्हणाली, "अण्णा माझ्या हातचं शेवटी नाहीच जेवले गं." मी तिचा हात धरून बसले.

बागेचे व्यवस्थापक फाटकावर उभेच होते. त्यांना माळीदादांनी काय सांगितलं कोण जाणे. "आजचा कार्यक्रम रद्द करू," ते म्हणाले. "आणि ती खोली पाडून टाकू. तुम्ही दोघी काही दिवस ऑफिसात बसा."

"खोली पाडायची नाही," मी म्हटलं. "आणि आम्ही ऑफिसात बसणार नाही. लोक येणार आहेत, त्यांना काय खायचं ते कोण सांगणार?"

लोक यायच्या आधी मी आणि माळीदादांनी दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवली आणि मांडण्या बाहेर उन्हात ओढल्या. इतर भिंतींचे पोपडे निघाले होते, जाळीजळमटं होती. मांडण्यांमागची भिंत तेवढी खालपासून वरपर्यंत चाटूनपुसून लख्ख होती. माळीदादांनी ते बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मी पाण्याची बादली आणली, भिंतीवर ओतली, आणखी एक आणून ओतली. तिला पुन्हा कळकट व्हायला वर्षं लागतील. लागू देत.

मग लोक आले. नेहमीसारखे टोप्या घातलेले, बाटल्या घेतलेले, मुलांच्या मागे धावणारे. मी त्यांना घेऊन उतारावर गेले. ताईला घरी झोप म्हटलं तर ऐकली नाही. टोपली घेऊन माझ्या शेजारी चालत होती. मी रुसूबाई दाखवली, लबाड दाखवला, राणी दाखवली. मुकुट कसा बघायचा ते दाखवलं. प्रत्येकाच्या हातावर राणीचं एकेक फळ ठेवलं.

"लगेच गिळायचं नाही," मी म्हटलं. "ओळखीचं असलं तरी नाही. आधी ओठ. मग जीभ. मग चावायचं. मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम थुंकायचं."

मुलांना हे फार आवडतं. मोठी माणसंही लाजत लाजत ओळीत उभी राहिली. मी हात वर केला आणि खाली आणला. सगळा उतार एकदम थुंकला. हशा पिकला.

हसण्याच्या मधेच, आमच्या पाठीशी राणीच्या झुडपात, गुटकन आवाज झाला.

कोणाच्या लक्षात आलं नाही. एका बाईने तेवढं आपल्या मुलीला विचारलं, "गिळलंस का गं?" आणि मुलीने जांभळी जीभ बाहेर काढून दाखवली. मी वळले. झुडपामागे काही नव्हतं. ऊन होतं, पानं होती, फळांनी वाकलेल्या फांद्या होत्या. खोलीला दारं होती, ती काढता आली. उताराला काय काढणार?

ताईने टोपली खाली ठेवली. पदर खोचला. आयुष्यभर जिला अण्णांपुढे मान वर करून बोलणं जमलं नाही, ती माझी ताई झुडपासमोर जाऊन उभी राहिली. अण्णांशी ती नेहमी "तुम्ही" म्हणून बोलायची. आम्ही दोघी बोलायचो.

"थुंक," ती म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट आला.

पान हललं नाही.

लोक हसत पुढच्या वळणाकडे निघाले होते. ताईने कमरेवर हात ठेवले आणि पायांत अंतर घेतलं, लांबलचक रांगेत उभं राहायची तयारी करतात तसं.

"थुंक म्हटलं ना. मी इथेच उभी आहे."